ईआरके कायनेज ओळखणारी फॉस्फो-अँटिबॉडी: गोव्यातल्या संशोधक विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईआरके १/२ हे प्रोटीन कायनेज ओळखणारी अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला हेरून चिकटणारं प्रथिन) आमच्या लॅबमध्ये बारा महिने वापरात असते. तिच्याविषयी ताळगावच्या पठारावरून, दोनापावलाहून, बांबोळीहून, झुआरीनगरहून सतत विचारणा होते. विचारणारे बहुतेक जण एम.एस्सी.चा प्रकल्प करणारे किंवा पीएच.डी.ला नुकतेच लागलेले असतात. पुन्हा पुन्हा तेच सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पान.

एक गोष्ट आधीच सांगते. अँटिबॉडी चांगली की वाईट हे कुपीवरच्या लेबलवरून ठरत नाही. तुमच्या नमुन्यात, तुमच्या कंट्रोलसमोर (तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्यांसमोर) ती काय दाखवते यावरून ठरतं. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

कायनेज म्हणजे काय? आणि त्यात ईआरकेच का?

एटीपी या पेशीतल्या ऊर्जेच्या रेणूवरचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर बसवणारं एन्झाइम म्हणजे प्रोटीन कायनेज. फॉस्फेट बसला की त्या प्रथिनाचा आकार आणि वागणूक बदलते, आणि फॉस्फेटेजने तो काढला की ते पूर्ववत होतं. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५०च्या दशकात स्नायूंमधल्या एका एन्झाइमवर हे दाखवलं आणि १९९२ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसाच्या जनुकसंचात ५१८ कायनेज असल्याची यादी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. या क्षेत्रात आजही तोच आकडा सांगितला जातो.

ईआरके हा रास, राफ, मेक, ईआरके या साखळीतला शेवटचा दुवा. पेशीबाहेरून वाढीचा निरोप आला की तो या साखळीतून केंद्रकापर्यंत पोचतो. पेशी वाढणार, विभागणार की वेगळं रूप घेणार, यात ईआरकेचा हात असतो. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात साधारण निम्म्या गाठींमध्ये बीराफ या जनुकात बदल आढळतो आणि त्यामुळे ही साखळी सतत चालू राहते. कर्करोगावर काम करणारा असो, माशांच्या अंड्यांवर काम करणारा असो की एखाद्या वनस्पतीचा अर्क पेशींवर घालून पाहणारा असो, प्रत्येकाची गाठ कधी ना कधी ईआरकेशी पडतेच.

'टोटल' आणि 'फॉस्फो' अशा दोन अँटिबॉडी का घ्यायच्या? एकीवर भागत नाही का?

नाही भागत. खाजन शेताच्या बांधावरची मानस, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारी दारं, आठवा. मानस जागेवर आहे का, हा एक प्रश्न. या क्षणी तिची दारं उघडी आहेत की मिटलेली, हा दुसरा. टोटल अँटिबॉडी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे नमुन्यात एकूण ईआरके किती आहे ते सांगते. फॉस्फो-अँटिबॉडी दुसऱ्याचं देते, म्हणजे त्यातल्या कितीवर फॉस्फेट बसलेला आहे ते सांगते. भरती-ओहोटीने दारं हलतात तसा ईआरकेवरचा फॉस्फेट मिनिटांच्या हिशेबाने बसतो आणि निघतो. मानस मात्र जागची हलत नाही.

नुसत्या फॉस्फोच्या बँडवरून (ब्लॉटवर, म्हणजे जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून मेंब्रेन या पातळ पडद्यावर उतरवलेल्या प्रथिनांना अँटिबॉडी लावल्यावर, दिसणाऱ्या पट्ट्यावरून) 'ईआरके वाढलं' असं लिहिलंत, तर परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतील: सिग्नल वाढला की प्रथिनच जास्त भरलं गेलं?

माझ्या ब्लॉटवर एकाऐवजी दोन बँड येतात. अँटिबॉडी खराब आहे का?

उलट, दोन बँड दिसणं हे चांगलं लक्षण. ईआरके १ सुमारे ४४ किलोडाल्टनचं (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आणि ईआरके २ सुमारे ४२ किलोडाल्टनचं. दोघांचा क्रम बराचसा सारखा आहे आणि फॉस्फेट बसण्याच्या जागेभोवतीचा भाग तर जवळजवळ एकच, त्यामुळे एकच अँटिबॉडी दोघांना धरते. बहुतेक पेशींत खालचा, म्हणजे ईआरके २चा बँड जास्त गडद असतो. दोन्ही मिळून एकच जाड पट्टा दिसत असेल तर जेल आणखी थोडा वेळ चालवा. १० किंवा १२ टक्क्यांच्या जेलवर ते वेगळे होतात.

ही अँटिबॉडी नेमकं काय ओळखते?

मानवी ईआरके १मध्ये थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४ (अमिनो आम्लाचं नाव आणि साखळीतला त्याचा क्रमांक) या दोन जागा आहेत, मध्ये एक ग्लुटामिक आम्ल. ईआरके २मध्ये त्याच जागांचे क्रमांक १८५ आणि १८७. मेक हे एन्झाइम दोन्ही जागांवर फॉस्फेट बसवतं आणि पूर्ण सक्रियतेसाठी दोन्ही लागतात. काही अँटिबॉडी दोन्ही फॉस्फेट असतील तरच चिकटतात, काही नुसत्या थ्रिओनिनवरच्या फॉस्फेटलाही चिकटतात. डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर, हे एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

ती बनवतात कशी?

त्या जागेभोवतीचा दहा-पंधरा अमिनो आम्लांचा तुकडा फॉस्फेटसकट रसायनशाळेत तयार करतात. एवढ्याशा तुकड्याला प्राण्याची रोगप्रतिकारशक्ती जुमानत नाही, म्हणून तो एका मोठ्या वाहक प्रथिनाला जोडतात. बहुतेक वेळा हे वाहक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका समुद्री गोगलगाईच्या निळसर रक्तातलं प्रथिन असतं. ते सशाला टोचलं की ससा अँटिबॉडी बनवतो. त्यात फॉस्फेट नसलेल्या तुकड्याला चिकटणाऱ्याही असतात. फॉस्फेट नसलेला तुकडा बसवलेल्या कॉलममधून रक्तद्रव पास करून त्या गाळून टाकतात. हे गाळणं नीट झालं नसेल तर फॉस्फो म्हणून विकलेली अँटिबॉडी टोटलसारखी वागते. यावर पुढे कंट्रोलच्या प्रश्नात सविस्तर लिहिलं आहे.

एकाच पेशीच्या वंशातून एकाच प्रकारची अँटिबॉडी मिळवायची पद्धत जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिल्स्टीन यांनी १९७५ मध्ये मांडली. तिला १९८४चं नोबेल मिळालं. मोनोक्लोनल ती हीच.

पॉलिक्लोनल, मोनोक्लोनल की रिकॉम्बिनंट?

पैसे असतील तर रिकॉम्बिनंट. तिचा जनुकीय क्रम ठाऊक असतो, ती साच्यातून काढल्यासारखी दरवेळी तशीच बनते आणि लॉट, म्हणजे उत्पादनाची खेप, बदलला तरी निकाल बदलत नाही. पॉलिक्लोनल, म्हणजे सशाच्या रक्तातलं अनेक अँटिबॉडींचं मिश्रण, स्वस्त पडते, पण तो ससा गेला की ती अँटिबॉडीही गेली. पुढचा लॉट दुसऱ्या सशाचा. तीन-चार वर्षं चालणाऱ्या पीएच.डी.मध्ये मधेच अँटिबॉडीचा स्वभाव बदलला तर आधीच्या आणि नंतरच्या ब्लॉटची तुलनाच करता येत नाही. पुढची सगळी तुलना ज्यावर उभी राहणार, ती वस्तू स्वस्तातली घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गोव्यात मागवताना काय सांभाळायचं?

शंभर मायक्रोलिटरच्या कुपीची किंमत पाच आकडी असते आणि माल बहुधा परदेशातून मुंबई किंवा बंगळुरूच्या वितरकामार्फत येतो. स्टॉकमध्ये नसेल तर आठवडे लागतात. पार्सल सोमवार ते बुधवारच्या दरम्यान पोचेल अशा बेताने मागवा, म्हणजे शनिवार-रविवार ते कुणाच्या गोदामात पडून राहणार नाही. चवथीच्या आठवड्यात आणि ३ डिसेंबरच्या फेस्तापासून नाताळापर्यंत काही मागवूच नका. त्या दिवसांत ते उतरवून घ्यायला लॅबमध्ये कुणी असेल याची खात्री नसते. स्टोअरच्या माणसाला आधी सांगून ठेवा आणि तुमचा फोन नंबर खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावा.

बर्फाच्या पिशव्या वितळलेल्या दिसल्या म्हणून लगेच हाय खाऊ नका. ग्लिसेरॉलमधली पूर्ण अँटिबॉडी एखादा दिवस गारव्याबाहेर राहिली तरी सहसा बिघडत नाही. पार्सल आल्याची तारीख आणि अवस्था वहीत लिहा, फोटो काढा, आणि पहिल्याच ब्लॉटला जुन्या लॉटसोबत तुलना करा.

फ्रिजरमध्ये कशी ठेवायची? वीज गेली तर?

बहुतेक फॉस्फो-अँटिबॉडी ५० टक्के ग्लिसेरॉलमध्ये येतात आणि उणे २० अंशाला ठेवायच्या असतात. ग्लिसेरॉलमुळे त्या तिथे गोठत नाहीत, म्हणून थेट कुपीतून उचलता येतात आणि छोट्या भागांत वाटून ठेवायची गरज पडत नाही. उणे ८० अंशाला ठेवलं तर मात्र द्रावण गोठतं आणि काढ-घाल करताना अँटिबॉडीची हानी होते. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रिजर टाळा. त्यातलं तापमान सारखं वर-खाली होतं. काही कुप्यांत ग्लिसेरॉल नसतो. त्यांची रीत वेगळी, ती डेटाशीटवर पाहा.

पावसाळ्यात वीज जाते-येते हे आपल्याला नवीन नाही. जून-जुलैमध्ये तर संध्याकाळची पहिली गडगड ऐकली की लॅबमधल्या सगळ्यांचे डोळे फ्रिजरच्या आकड्याकडे वळतात. फ्रिजरचं दार उघडलं नाही तर दोन-चार तासांत अँटिबॉडीला काही होत नाही. अँटिबॉडी चार अंशालाही काही आठवडे तग धरतात. खरी काळजी करायची ती तुमच्या लायसेटची, म्हणजे पेशी फोडून मिळवलेल्या द्रावणाची. ते उणे ८०ला असतं आणि एकदा वितळलं की त्यातला फॉस्फेट टिकेलच असं नाही. जनरेटरची लाइन एकाच फ्रिजरला मिळणार असेल तर ती लायसेटच्या फ्रिजरला द्या.

लायसेट कसं करायचं? माझा फॉस्फोचा सिग्नल दर वेळी वेगळा येतो.

या पानावर सगळ्यात काळजीपूर्वक वाचायचा प्रश्न हाच. सिग्नल वेगळा येण्याचं कारण शंभरातल्या नव्वद वेळा अँटिबॉडीत नसतं, पेशी फोडण्याच्या त्या दोन-तीन मिनिटांत असतं.

पेशींना ईआरके चालू करायला फारसं निमित्त लागत नाही. माध्यम बदललं, प्लेट जोरात हलवली, इनक्युबेटरबाहेर थोडा वेळ ठेवली, तरी फॉस्फेट चढतो. म्हणून उत्तेजना देण्याआधी पेशी सीरमविना किंवा अगदी कमी सीरममध्ये रात्रभर ठेवा. उत्तेजक घालताना माध्यम बदलू नका, त्याच माध्यमात थोडं जास्त तीव्रतेचं द्रावण मिसळा. कंट्रोलच्या प्लेटलाही तेवढंच हलवा, तेवढाच वेळ बाहेर काढा, आणि तिच्यात नुसतं द्रावक घाला.

फोडताना सगळं बर्फावर करा. माध्यम ओढून घ्या, बर्फासारख्या गार बफरने एकदा धुवा, तो पूर्ण काढा, आणि लगेच लायसिस बफर घाला. एका वेळी सहा प्लेट हाताळायचा मोह आवरा. पहिली आणि सहावी यांच्यामध्ये जो वेळ जातो तो ब्लॉटवर दिसतो. बफरमध्ये फॉस्फेटेज रोखणारे सोडियम फ्लोराइड, बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट आणि ऑर्थोव्हॅनेडेट त्याच दिवशी घाला. आठवडाभर आधी घालून ठेवलेला बफर वापरू नका.

याहून सोपी आणि माझ्या मते जास्त भरवशाची रीत म्हणजे थेट गरम एसडीएस (प्रथिनं उलगडणारा साबणासारखा पदार्थ) सॅम्पल बफर प्लेटवर ओतून पेशी खरवडून घेणं. एसडीएस सगळी एन्झाइमं तत्क्षणी मोडतं, कायनेजही आणि फॉस्फेटेजही. लायसेट शेवाळासारखं तारदार होतं, कारण डीएनए बाहेर पडतो. सॉनिकेटरचे काही झटके द्या किंवा बारीक सुईतून ओढा, मग ते पाण्यासारखं सरळ होतं. एक अडचण आहे: अशा लायसेटमधलं प्रथिन ब्रॅडफर्डने मोजता येत नाही, कारण एसडीएस त्यात ढवळाढवळ करतं. बीसीएची एसडीएस चालणारी आवृत्ती घ्या, आणि सॅम्पल बफरमधला रंग व मर्कॅप्टोइथेनॉल मोजणी झाल्यावरच घाला.

ऑर्थोव्हॅनेडेट 'चेतवायचं' म्हणजे काय करायचं?

पावडर पाण्यात विरघळवून पीएच १०ला आणली की द्रावण पिवळं दिसतं. त्यातले व्हॅनेडेटचे रेणू एकमेकांना जोडलेले असतात आणि जोडलेले रेणू टायरोसिन फॉस्फेटेजला रोखत नाहीत. उकळायला ठेवा. पिवळेपणा हळूहळू उतरत जातो आणि द्रावण काचेसारखं स्वच्छ होतं. गार करा, पीएच पुन्हा पाहा, तो बदललेला असतो. परत १०ला आणा, परत रंग आला तर परत उकळा. पीएच १०ला द्रावण बिनरंगी राहिलं की झालं. छोटे भाग करून उणे २०ला ठेवा.

त्याच बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी असेल तर व्हॅनेडेट निकामी होतं. कुणाच्या तरी जुन्या प्रोटोकॉलवरून बफर उतरवून घेताना हे सुटतं.

जेलमध्ये किती प्रथिन भरायचं, अँटिबॉडी किती पातळ करायची?

पेशींच्या लायसेटला २० ते ३० मायक्रोग्रॅम पुरतं. पीव्हीडीएफ मेंब्रेन असेल तर आधी मिथेनॉलमध्ये भिजवा. ट्रान्सफर झाल्यावर पॉन्सो एसचा लाल रंग चढवून फोटो काढा, मगच पुढे जा. तिथेच एखादी लेन फिकी किंवा वाकडी दिसली तर पुढचे दोन दिवस वाया घालवण्यात अर्थ नाही.

प्रायमरी, म्हणजे ईआरकेला चिकटणारी अँटिबॉडी, १:१००० म्हणजे १० मिलिलिटरला १० मायक्रोलिटर, चार अंशाला रात्रभर. मेंब्रेन बेताचं कापून ५ मिलिलिटरमध्ये भागवलंत तर कुपी दुप्पट पुरते.

ब्लॉकिंगला दूध की बीएसए?

डेटाशीट सांगेल ते. ब्लॉकिंग म्हणजे अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून मेंब्रेनची रिकामी जागा दुसऱ्या प्रथिनाने झाकणं. बहुतेक फॉस्फो-अँटिबॉडींना ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) सांगितलेलं असतं, कारण दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेट लागलेलं प्रथिन आहे आणि त्यामुळे पार्श्वभूमी वाढू शकते. प्रत्यक्षात काही अँटिबॉडी दुधातही छान चालतात. फॉस्फेट बफरऐवजी ट्रिस बफर वापरा. आणि दूध वापरणारच असाल तर आपल्या दमट हवेत डबा उघडा ठेवू नका. गुठळ्या झालेली पावडर मेंब्रेनवर काळे ठिपके देते.

कोणते कंट्रोल लावल्याशिवाय निकाल मान्य करायचा नाही?

कमीत कमी तीन. पहिला, चढलेला: हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींना १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ईजीएफ (वाढीचा निरोप देणारं प्रथिन), ५ ते १० मिनिटं. किंवा २०० नॅनोमोलर पीएमए हे उत्तेजक रसायन, साधारण १५ मिनिटं. यात बँड ठळक यायलाच हवा. दुसरा, उतरलेला: मेकला रोखणारं यू०१२६, १० मायक्रोमोलर, उत्तेजना देण्याआधी अर्धा ते एक तास. यात बँड जवळजवळ नाहीसा व्हायला हवा आणि टोटल ईआरके तेवढंच राहायला हवं. तिसरा, नुसत्या द्रावकाचा, म्हणजे डीएमएसओचा.

या तिघांत पहिला आणि दुसरा सारखेच दिसले तर तुमची फॉस्फो-अँटिबॉडी फॉस्फेट ओळखतच नाहीये. मग डेटाशीटवर कितीही सुंदर फोटो असोत.

शंका उरलीच तर लॅम्डा फॉस्फेटेज हे फॉस्फेट काढणारं एन्झाइम वापरा. लायसेटचे दोन भाग करा, एकात एन्झाइम घाला, दुसऱ्यात नुसता बफर. फॉस्फेट निघाला की बँड गेला पाहिजे. इथे एक खाचखळगा आहे: त्या लायसेटमध्ये व्हॅनेडेट, फ्लोराइड, ईडीटीए काहीही नको, नाहीतर लॅम्डा फॉस्फेटेजही थंडावतं. त्याला मँगनीजही लागतं.

टोटल अँटिबॉडीची परीक्षा घ्यायची उत्तम जागा म्हणजे जनुक काढून टाकलेल्या पेशी. ईआरके १ नसलेले उंदीर जगतात, ईआरके २ नसलेले गर्भातच दगावतात. म्हणून पेशींच्या पातळीवरही बहुधा एका वेळी एकच काढलेला असतो. तेवढंही पुरतं: दोनपैकी नेमका योग्य बँड गायब व्हायला हवा. अँटिबॉडी पारखण्याचे पाच मार्ग एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये मांडले, त्यात जनुक काढून पाहणं हा एक मार्ग आहेच.

लोडिंग कंट्रोल म्हणून ॲक्टिन चालेल का?

लोडिंग कंट्रोल म्हणजे सगळ्या लेनमध्ये सारखंच प्रथिन भरलंय का हे दाखवणारं प्रथिन. ॲक्टिन त्याच मेंब्रेनवर नको. बीटा-ॲक्टिन ४२ किलोडाल्टनचं आहे, म्हणजे बरोबर ईआरके २च्या जागेवर. हे दरवर्षी कुणाच्या तरी प्रबंधात दिसतं आणि फार वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते. व्हिन्क्युलिन किंवा एचएसपी ९० घ्या. ते इतके वर असतात की मेंब्रेन आडवं कापून दोन्ही एकाच वेळी लावता येतात.

बँडच येत नाही.

चढलेल्या कंट्रोलमध्ये येतो का? येत असेल तर अँटिबॉडी ठीक आहे, तुमच्या नमुन्यात फॉस्फेट नाही किंवा वेळ चुकली. ईजीएफने चढलेला सिग्नल पाच-दहा मिनिटांत शिखरावर जातो आणि बऱ्याच पेशींत तासाभरात उतरतो. २४ तासांनी लायसेट करून 'परिणाम नाही' असं लिहिणं बरोबर नाही. कंट्रोलमध्येही येत नसेल तर पॉन्सोचा फोटो पाहा, सेकंडरी (प्रायमरीला चिकटून सिग्नल देणारी दुसरी अँटिबॉडी) सशाविरुद्धचीच आहे ना ते पाहा, आणि सेकंडरीच्या बाटलीत कुणी सोडियम अझाइड तर घातलं नाही ना ते विचारा. अझाइड एचआरपीला, म्हणजे सेकंडरीला जोडलेल्या आणि सिग्नल देणाऱ्या एन्झाइमला, मारतं.

बँडच्या मधोमध पांढरं दिसतं.

सिग्नल फार जास्त आहे. एचआरपीने तिथला सगळा सबस्ट्रेट फोटो काढण्याआधीच खाऊन टाकला. प्रथिन कमी भरा किंवा सेकंडरी पातळ करा.

स्ट्रिप करून त्याच मेंब्रेनवर टोटल लावलं तर?

स्ट्रिप करणं म्हणजे लावलेली अँटिबॉडी मेंब्रेनवरून धुऊन काढणं. करतात सगळे, आणि निभावतंही. पण फॉस्फोची अँटिबॉडी पूर्ण निघाली याची खात्री करून घ्या: स्ट्रिप केल्यावर नुसती सेकंडरी लावून रिकामी प्रतिमा येते का ते पाहा. शिवाय स्ट्रिप करताना थोडं प्रथिनही धुऊन जातं. फ्लुरोसन्सचं यंत्र जवळपास कुठे असेल तर सशाची फॉस्फो आणि उंदराची टोटल एकदमच लावा, दोन रंगांत. त्यासारखं सुख नाही.

आकडे कसे काढायचे?

फॉस्फो भागिले टोटल, त्याच नमुन्याचं. त्याआधी एकाच लायसेटचे ५, १०, २०, ४० मायक्रोग्रॅम भरून पाहा की प्रथिन दुप्पट झालं की सिग्नलही दुप्पट होतो का. कुठल्या तरी टप्प्यावर तो थबकतो, त्याच्या आतच राहायचं. मूळ फाइल टिफ स्वरूपात जपा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोवर आकडे काढू नका. आणि एकच लायसेट तीनदा चालवणं म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या, वेगवेगळ्या दिवशी उत्तेजित केलेल्या पेशी हव्यात.

माशांवर किंवा शिंपल्यांवर चालेल का? डेटाशीटवर फक्त माणूस, उंदीर, घूस लिहिलंय.

समुद्र पायाशी असल्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे जितका येतो तितका इतरत्र क्वचितच येत असेल. थ्रिओनिन, ग्लुटामिक आम्ल, टायरोसिन ही तिकडी उत्क्रांतीत फार जपली गेली आहे, अगदी यीस्टमधल्या नातलग कायनेजांमध्येही ती सापडते. त्यामुळे फॉस्फो-अँटिबॉडी झेब्राफिशमध्ये किंवा आपल्या खडकांवरच्या शिनाण्यांमध्ये (शिंपल्यांचा एक प्रकार) चालण्याची आशा धरायला हरकत नाही. गंमत अशी की टोटल अँटिबॉडीच अनेकदा दगा देते. ती बहुधा प्रथिनाच्या शेपटाकडच्या तुकड्याविरुद्ध बनवलेली असते आणि तो भाग तितका जपला गेलेला नाही. तुमच्या प्राण्याचा क्रम डेटाबेसमधून काढा, डेटाशीटवरच्या तुकड्याशेजारी ठेवा, आणि अक्षर न् अक्षर जुळवून पाहा.

जुळलं तरी पुरावा लागतोच. लॅम्डा फॉस्फेटेज कुठल्याही प्राण्याच्या लायसेटवर चालतं, म्हणून तिथूनच सुरुवात करा. शिंपल्यांच्या बाबतीत नमुना घेण्याची वेळही लिहा. ओहोटीला उघडा पडलेला प्राणी आणि पाण्याखालचा प्राणी यांच्यावरचा ताण सारखा नसतो, आणि ईआरके ताणाला उत्तर देतं. बाजारातून आणलेल्या शिनाण्यांवर फॉस्फोचा अभ्यास करू नका. त्या किती तास टोपलीत होत्या हे विकणाऱ्या बाईलाही सांगता येणार नाही.

रुग्णालयातल्या ऊतींच्या काप्यांवर लावता येईल का?

लावता येते, पण आधी संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी. मग वेळेचा प्रश्न. रक्तपुरवठा तुटल्यापासून फॉर्मालिनमध्ये पडेपर्यंत फॉस्फेट बदलत राहतो. फॉर्मालिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर या सावकाश गतीने शिरतं. मोठी गाठ असेल तर कडेला ठळक रंग आणि मध्ये काहीच नाही असं चित्र मिळतं, आणि ते जीवशास्त्र नसतं, फॉर्मालिनची चाल असते. छोट्या बायोप्सी जास्त विश्वासार्ह. अँटिजन रिट्रीव्हलला, म्हणजे फॉर्मालिनने झाकलेली जागा अँटिबॉडीसाठी पुन्हा मोकळी करायला, पीएच ६चा सिट्रेट आणि पीएच ९चा ईडीटीए दोन्ही करून पाहा.

घरातल्या रुग्णाचा नमुना तुम्ही तपासून द्याल का?

नाही. अशी विचारणा करणाऱ्यांची काळजी समजते, तरीही नाही. या कुपीवर 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा. हिच्या निकालावरून कुणाचंही औषध सुरू किंवा बंद होता कामा नये. बीराफसारख्या बदलांसाठी निदानाला मान्यता असलेल्या वेगळ्या चाचण्या आहेत. त्या तुमचे कर्करोगतज्ज्ञ सांगतील.

फ्लो सायटोमेट्रीला चालते का?

फ्लो सायटोमेट्री म्हणजे एकेक पेशी यंत्रातून सोडून तिच्यावरचा सिग्नल मोजणं. डेटाशीटवर तसं लिहिलेलं असेल तर चालते. फॉर्माल्डिहाइडने पक्कं करा, मग गार मिथेनॉल.

फॉस्फेट दिसला म्हणजे ईआरके काम करतंय असं म्हणायचं का?

बहुतेक वेळा हो, पण ते अनुमान आहे. प्रत्यक्ष काम पाहायचं तर ईआरके ज्यांच्यावर फॉस्फेट बसवतं त्यांपैकी एखादं, उदाहरणार्थ आरएसके, त्याची फॉस्फो-अँटिबॉडी लावा. किंवा ईआरके ओढून घेऊन परीक्षानळीत एटीपी आणि सबस्ट्रेट देऊन कायनेज चाचणी करा. ईआरके ओढून घेऊन ब्लॉट करणार असाल तर ५० आणि २५ किलोडाल्टनला अँटिबॉडीच्या स्वतःच्या साखळ्या दिसतील. ५०चा पट्टा जाड झाला की ४४च्या अंगावर येतो.

प्रबंधात काय काय लिहायचं?

कंपनी, कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक, क्लोनचं नाव, किती पातळ केली, कशात, किती वेळ, आणि अँटिबॉडीचा आरआरआयडी (संशोधन साहित्याला दिलेला कायमचा ओळख क्रमांक). पूर्ण, न कापलेला ब्लॉट परिशिष्टात जोडा. 'ईआरके अँटिबॉडी वापरली' एवढ्या वाक्यावर कुणालाही तुमचा प्रयोग पुन्हा करता येत नाही.

पातळ केलेली प्रायमरी पुन्हा वापरू का? आणि शेवटी टाकायची कुठे?

पडताळणीच्या ब्लॉटना वापरा, तुलना करायच्या आकड्यांना नको. ०.०२ टक्के अझाइड घालून चार अंशाला ठेवली तर काही वेळा वापरता येते. नळीवर तारीख आणि कितव्यांदा वापरली ते लिहा. द्रावण गढूळ झालं किंवा वास आला तर संपली. अझाइड घातलेलं काहीही बेसिनमध्ये ओतू नका. ते विषारी आहे आणि जुन्या तांब्या-शिशाच्या नळांत साचलं तर स्फोटक क्षार तयार होतात. रासायनिक कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत गोळा करा, आणि बाटलीवर अझाइडचं नाव लिहा, म्हणजे दुसरं कुणी त्यात आम्ल ओतणार नाही.